पहिला सूर

(बासरी दिसायला अगदी साधे वाद्य आहे. बांबूचा एक तुकडा आणि त्याला काही छिद्रे, एवढेच. पण तिच्यातून पहिला सूर काढणे सोपे नसते. लेखकाने लहानपणी बासरी कशी शिकायला सुरुवात केली, त्यात कोणत्या चुका झाल्या आणि घरातील कोणामुळे तो टिकून राहिला, हे या पाठात सांगितले आहे.)

आमचे घोडेगाव अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर ते वसले आहे. शनिशिंगणापूरला जाणारे प्रवासी येथूनच वळतात. गावात घोडेश्वरी देवीचे मंदिर आहे. पण पंचक्रोशीत आमचे गाव ओळखले जाते, ते जनावरांच्या बाजारासाठी. बाजाराच्या दिवशी बैल, गाई, म्हशी आणि शेळ्यांनी मैदान फुलून जाते. एकीकडे हंबरणे, दुसरीकडे घुंगुरमाळांचा आवाज, तर तिसरीकडे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारे व्यापारी!

ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. मी नुकताच सातवीत गेलो होतो. ईद होऊन चारच दिवस झाले होते आणि ईदीचे पैसे माझ्या खिशात खुळखुळत होते. त्या दिवशी बाजाराच्या गलबल्यातून एक गोड आवाज माझ्या कानावर आला. मी आवाजाच्या दिशेने गेलो. एक म्हातारा बासरीवाला उभा होता. त्याच्या खांद्यावर उंच काठी होती आणि काठीच्या टोकाला चहूबाजूंनी बासऱ्या खोचल्या होत्या. दुरून ते एखादे काटेरी झाडच वाटत होते. म्हातारा डोळे मिटून एका सिनेमातले गाणे वाजवत होता.

"काका, मला येईल का हो हे?" मी विचारले.

"न यायला काय झालं?" तो हसून म्हणाला. "वारा सगळ्यांच्याच तोंडात असतोय, बाळा. सूर मात्र ज्याचा त्यानं काढायचा."

मी बासरी विकत घेतली. घरी पोहोचेपर्यंतही मला धीर निघाला नाही. रस्त्यातच ती ओठांना लावून मी जोरात फुंकर मारली. फुस्स! पुन्हा फुंकर मारली. पुन्हा फुस्स! घरी आल्यावर अर्धा तास मी गाल फुगवून फुंकत राहिलो. शेवटी डोके गरगरू लागले आणि मी खाली बसलो. धाकटी बहीण टाळ्या पिटून म्हणाली, "भाईजान चूल फुंकतात!" सगळे हसले. मी हिरमुसलो.

ओसरीवर बाजेवर पडलेले दादाजान मात्र हसले नाहीत.

दादाजानांनी उमेदीची सगळी वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवले होते. नेवासे, शेवगाव, राहुरी या भागातील कितीतरी वराती त्यांच्या सुरांवर निघाल्या होत्या. पण म्हातारपणी त्यांना दम्याने गाठले. चार पावले चालले तरी छाती भरून येई. डॉक्टरांनी वाजवणे बंद करायला सांगितले होते. त्यांचे क्लॅरिनेट जुन्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले होते. ते कोणी काढत नसे आणि त्याबद्दल घरात कोणी बोलतही नसे.

"इकडे आण," दादाजान म्हणाले. त्यांनी बासरी हातात घेतली, छिद्रांवरून अंगठा फिरवला, एका डोळ्याने आतून पाहिले. मग ती ओठांजवळ नेली. पण क्षणभर थांबून त्यांनी ती तशीच खाली ठेवली.

"बेटा, फुंकर तुझी आणि कान माझे," ते म्हणाले. "आहे कबूल?"

मी मान डोलावली. त्या दिवसापासून माझे शिक्षण सुरू झाले.

पण पहिल्या दिवशी त्यांनी मला बासरीला हातच लावू दिला नाही! त्यांच्या उशाशी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. ती माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "हिच्यातून आवाज काढ."

मी बाटलीत तोंड घालून फुंकले. काहीच झाले नाही. तेव्हा ते म्हणाले, "आत फुंकू नकोस. बाटलीच्या काठावरून फुंकर पलीकडे जाऊ दे. ओठ ताण, अगदी थोडे हसल्यासारखे कर. मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेव." मी तसे केले आणि बाटलीतून 'भूऽऽ' असा भरदार आवाज निघाला. मी दचकलो आणि आनंदाने उडीच मारली.

मुलांनो, बासरीचे सारे रहस्य या बाटलीत आहे. आपली फुंकर छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटते. तेथे तिचे दोन भाग होतात. थोडी हवा आत जाते, थोडी बाहेर जाते. त्यामुळे नळीतील हवा थरथरू लागते आणि त्या थरथरीतून सूर निर्माण होतो. म्हणजे वाजतो तो बांबू नव्हे, तर त्याच्या पोटातील हवा! म्हणूनच गाल फुगवून जोर लावल्याने सूर निघत नाही. फुंकर बारीक आणि नेमक्या जागी असावी लागते. उगाच जोरजोराने फुंकत राहिले, तर चक्कर येते. तसे झाले की लगेच थांबावे आणि विश्रांती घ्यावी.

बासरीतून पहिला सूर निघायला मला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी फुस्स-फुस्स चालू असताना अचानक एक स्वच्छ आवाज निघाला आणि लगेच नाहीसा झाला. मी दादाजानांकडे पाहिले. ते बाजेवर उठून बसले होते. "हाच!" ते म्हणाले. "आता याला पुन्हा शोध."

मग बोटांची पाळी आली. आडव्या बासरीला फुंकण्यासाठी एक छिद्र असते आणि बोटांसाठी सहा छिद्रे असतात. काही बासऱ्यांना आणखी एक जादा छिद्र असते. माझी बासरी सहा छिद्रांची होती. मी ती उजव्या बाजूला आडवी धरत असे. डाव्या हाताची तीन बोटे तोंडाजवळच्या तीन छिद्रांवर आणि उजव्या हाताची तीन बोटे पुढच्या तीन छिद्रांवर ठेवायची. अंगठ्यांनी बासरीला खालून आधार द्यायचा. छिद्र बोटाच्या अगदी टोकाने झाकायचे नाही. बोटाच्या मऊ भागाने झाकायचे, पण दाबायचे नाही. एखाद्या बोटाखालून केसाएवढी फट राहिली, तरी सूर फाटतो. "बादलीला भोक असले, तर पाणी टिकेल का?" दादाजान विचारत.

तोंडाजवळची तीन छिद्रे झाकली की 'सा' निघतो. त्यांतील शेवटचे बोट उचलले की 'रे' आणि आणखी एक उचलले की 'ग'. पहिले छिद्र अर्धेच झाकले की शुद्ध 'म' मिळतो. सारी छिद्रे उघडली की तीव्र 'म' मिळतो. सहाही छिद्रे झाकून हलकी फुंकर मारली, तर खालचा 'प' वाजतो आणि तीच छिद्रे झाकून फुंकर अधिक बारीक व वेगवान केली, तर वरचा 'प' वाजतो. बोटे तीच, पण फुंकर बदलली की सूर बदलतो! याचे कारणही सोपे आहे. छिद्रे झाकत जावे, तशी आत थरथरणारी हवेची नळी लांब होते आणि सूर खाली जातो. बोटे उचलत जावे, तशी ती आखूड होते आणि सूर वर चढतो. लांब बासरीचा आवाज गंभीर आणि आखूड बासरीचा आवाज बारीक असतो, तो यामुळेच.

मला हे सगळे महिनाभरात कळले. आता दादाजान गाणे शिकवतील, अशी माझी अपेक्षा होती. पण ते रोज संध्याकाळी एकच गोष्ट सांगत, "सा लाव."

मी पोटापर्यंत श्वास भरून घ्यायचा आणि एकाच फुंकरीत जमेल तितका वेळ 'सा' लावून धरायचा. दादाजान डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत. पाच, सहा, सात... सूर हलला की त्यांचे बोट थांबे. "पुन्हा," ते म्हणत. असे रोज वीस-पंचवीस वेळा चाले. मला कंटाळा येऊ लागला.

एकदा मी चिडून म्हणालो, "दादाजान, एक सूर कोणी ऐकतो का? मला गाणे शिकवा ना!"

त्यावर त्यांनी मला दोन मोठ्या बासरीवादकांच्या हकिकती सांगितल्या.

पहिली हकिकत पन्नालाल घोष यांची. त्यांचा जन्म १९११ साली बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. त्या काळी बासरी म्हणजे गुराख्यांचे आणि लोकगीतांचे वाद्य मानले जाई. मोठ्या मैफलीत तिला स्थान नव्हते. पन्नालालजींनी बांबूच्या आणि धातूच्या निरनिराळ्या नळ्या घेऊन प्रयोग केले. शेवटी सुमारे ३२ इंच लांबीची बांबूची बासरी त्यांनी पसंत केली. तिचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा धीरगंभीर होता. १९४० साली ते मुंबईला आले आणि चित्रपटांतही त्यांनी काम केले. नाव झालेले असतानाही १९४७ साली ते मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शागीर्द झाले. १९६० साली त्यांचे निधन झाले. पण त्यांच्यामुळे बासरी मैफलीत मानाने बसली.

दुसरी हकिकत हरिप्रसाद चौरसिया यांची. त्यांचा जन्म १९३८ साली अलाहाबादला म्हणजे आजच्या प्रयागराजला झाला. त्यांचे वडील पहिलवान होते. मुलानेही कुस्ती खेळावी अशी त्यांची इच्छा होती. हरिप्रसाद आखाड्यात जात; पण संगीत मात्र लपून शिकत. पुढे ते आकाशवाणीवर कलाकार झाले, मुंबईला आले, नावारूपाला आले. तरीही आपले शिक्षण अपुरे आहे असे त्यांना वाटे. म्हणून ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे गेले. पहिल्यापासून शिकण्याची आपली तयारी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली! उजवीकडे धरत होते, ती डावीकडे धरू लागले. म्हणजे बोटांची सारी जुनी सवय त्यांनी मोडून टाकली आणि पुन्हा ओनाम्यापासून सुरुवात केली.

"इतका मोठा माणूस पुन्हा पहिल्या सुराकडे गेला," दादाजान म्हणाले. "आणि तुला एका महिन्यात गाणे हवे?"

मी गप्प बसलो. पण मनातून मला ते पटले नव्हते. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. मी दादाजानांना न सांगता मळ्यात जाऊन बासरीवाल्याचे ते सिनेमातले गाणे बसवू लागलो. त्यांच्या सांगण्याकडे मी कानाडोळा केला.

संमेलनाचा दिवस उजाडला. मी व्यासपीठावर उभा राहिलो. हात थरथरत होते, तोंड कोरडे पडले होते. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीत वरचा 'प' लावायचा होता. मी घाबरून जोरात फुंकले. एका बोटाखाली फट राहिली होती. बासरीतून सूर निघालाच नाही. निघाली ती कर्कश किंचाळी! सारी मुले खो-खो हसली. मी गाणे अर्धवट टाकून खाली उतरलो.

घरी आल्यावर मी बासरी कोनाड्यात फेकली आणि जाहीर केले, "मी पुन्हा वाजवणार नाही." अम्मीने समजूत घातली. अब्बा म्हणाले, "जाऊ द्या, अभ्यास तरी होईल." दादाजान काहीच बोलले नाहीत.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना औषध द्यायला गेलो. त्यांना खूप धाप लागली होती. त्यांनी मला जवळ बसवले. बराच वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. मग हळूहळू म्हणाले, "बेटा, तू 'सा' लावायचास ना, तेव्हा मी नुसते मोजत नव्हतो. तुझ्याबरोबर मीही श्वास सोडत होतो. तुझा सूर सातवर तुटला की माझाही श्वास सातवर तुटायचा. तुझा दहापर्यंत गेला, त्या दिवशी वाटले, माझाच श्वास लांबला." ते थोडे थांबले. "गाणे मी पुष्कळ वाजवले. ते मला नको आहे. संध्याकाळी तेवढा एक सूर हवा होता."

मला काय बोलावे ते सुचेना. मी उठलो, कोनाड्यातून बासरी काढली. फेकल्यामुळे तिच्या एका टोकाला बारीक चीर गेली होती. दादाजानांनी उशीखालून दोऱ्याचे रीळ काढायला सांगितले. त्या चिरेवर त्यांनी माझ्याकडून दोरा घट्ट गुंडाळून घेतला. बासरीवर दोऱ्याचे वेढे असतात, ते नुसते शोभेसाठी नसतात. बांबू उन्हाने वाळतो आणि तडकतो. वेढ्यांमुळे चीर वाढत नाही. बासरी उन्हात ठेवू नये आणि अधूनमधून तिला आतून तेलाचा हात द्यावा, हेही मी त्याच दिवशी शिकलो.

मग मी 'सा' लावला. दादाजानांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटे पेरांवर फिरू लागली. त्या दिवशी मी जिवाचे कान करून स्वतःचा सूर प्रथमच ऐकला. तोपर्यंत मी तो नुसता वाजवत होतो.

त्यानंतर मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. 'सा'नंतर 'रे', मग 'ग', मग सातही सूर. बारा, पंधरा, अठरा असे आकडे वाढत गेले. दादाजानांचा दमा बरा झाला नाही. असा आजार बासरी ऐकून बरा होत नाही. त्याला औषधच लागते. पण संध्याकाळची ती वेळ त्यांची शांततेत जाई.

पुढे मोठा झाल्यावर मी बासरीविषयी वाचू लागलो. तेव्हा कळले की फुंकरीला सूर देण्याची ही धडपड जगभर आणि फार जुनी आहे. चीनमधील हेनान प्रांतात जियाहू येथे उत्खननात क्रौंच कुळातील पक्ष्याच्या हाडांपासून बनवलेल्या बासऱ्या सापडल्या आहेत. त्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आजही चीनमध्ये बांबूची आडवी बासरी आवडीने वाजवतात. तिला 'डिझी' म्हणतात. तिलाही बोटांसाठी सहा छिद्रे असतात. पण फुंकरीचे छिद्र आणि बोटांची छिद्रे यांच्यामध्ये आणखी एक छिद्र असते. त्यावर बोरूच्या आतला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा चिकटवतात. त्या पडद्यामुळे तिचा आवाज झणझणीत होतो. शिकणाऱ्याला तेथे पडदा नीट लावण्याचीही कसरत करावी लागते! आपल्या महाराष्ट्रात गुराखी पावा आणि अलगूज वाजवत आले आहेत. तुर्कस्तान आणि इराणमध्ये 'नय' नावाची बोरूची बासरी आहे. तेराव्या शतकातील थोर कवी मौलाना रूमी यांच्या 'मसनवी' या ग्रंथाचा आरंभच या बासरीच्या उल्लेखाने होतो. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण नवशिक्याची पहिली फुंकर सगळीकडे सारखीच फुस्स होत असणार!

आमच्या घरातल्या त्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. सुमारे वर्षभराने एका संध्याकाळी मी 'सा' लावला. दादाजानांची बोटे वीस मोजून थांबली. सूर हलला नव्हता. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता ते तुझे गाणे वाजव."

मी चकित झालो. मळ्यात चोरून बसवलेले गाणे त्यांना ठाऊक होते तर! मी गाणे सुरू केले. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत तो वरचा 'प' आला. मी घाई केली नाही. बोटे नीट झाकली, फुंकर बारीक केली. सूर स्वच्छ लागला आणि ओसरीभर पसरला. धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. ती या वेळी हसली नाही.

गाणे संपल्यावर मी शाबासकीची वाट पाहत दादाजानांकडे पाहिले. त्यांनी एक बोट वर केले.

"तिसऱ्या ओळीतला 'ग' थोडा उतरला," ते म्हणाले. "पुन्हा."

शब्दार्थ

पंचक्रोशी - आसपासची गावे
गलबला - गोंगाट
ओसरी - घरापुढील छप्पर असलेली मोकळी जागा
बाज - दोरीने विणलेली खाट
उमेदीची वर्षे - तरुणपणाची, उत्साहाची वर्षे
पेर - बोटाच्या दोन सांध्यांमधील भाग
शागीर्द - शिष्य
ओनामा - शिक्षणाचा आरंभ
कोनाडा - वस्तू ठेवण्यासाठी भिंतीत केलेली जागा
बोरू - पोकळ गवताची काडी. हिचा कलमही करतात
कर्कश - कानाला न आवडणारा, कठोर

वाक्प्रचार

हिरमुसणे - निराश होणे
कानाडोळा करणे - दुर्लक्ष करणे
नावारूपाला येणे - प्रसिद्ध होणे
जिवाचे कान करणे - अगदी लक्षपूर्वक ऐकणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) घोडेगाव कशासाठी ओळखले जाते?
(२) लेखकाने बासरी कोणत्या पैशांतून घेतली?
(३) दादाजानांनी पहिल्या दिवशी लेखकाच्या हातात काय दिले?
(४) पन्नालाल घोष यांनी किती लांबीची बासरी पसंत केली?
(५) चिनी बासरीला काय म्हणतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) दादाजानांनी बासरी ओठांजवळ नेऊन खाली ठेवली.
(२) हरिप्रसाद चौरसिया यांनी बासरी धरण्याची बाजू बदलली.
(३) स्नेहसंमेलनात सारी मुले हसली.
(४) बासरीवर दोऱ्याचे वेढे देतात.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) बासरीतून सूर कसा निर्माण होतो?
(२) "संध्याकाळी तेवढा एक सूर हवा होता," असे दादाजान का म्हणाले?
(३) पाठाच्या शेवटी दादाजानांनी शाबासकी न देता "पुन्हा" म्हटले. त्यांचे वागणे तुम्हांला योग्य वाटते का? का?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हिरमुसणे, कानाडोळा करणे, जिवाचे कान करणे.

प्र. ५. 'शागीर्द', 'उस्ताद', 'हकिकत' हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरतात. असे आणखी पाच शब्द पाठातून किंवा बोलण्यातून शोधून लिहा.

उपक्रम : एकाच आकाराच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या. त्यांत कमी-जास्त पाणी भरून काठावरून फुंकर मारा. कोणत्या बाटलीचा आवाज बारीक येतो आणि का, याची वर्गात चर्चा करा.